बिनशपथेची आत्या

भावाला मुलगा झाला, हे मला भावाकडून कळलं नाही. सदर भागात मी ज्या टेलरिंगच्या दुकानात ब्लाउज शिवते, तिथं माप द्यायला आलेल्या एका बाईकडून कळलं. ती नंदनवन वस्तीत आमच्या घराच्या मागच्या गल्लीत राहते. मी तिच्या दंडाभोवती टेप धरली होती आणि ती म्हणाली, "काहून वं, पेढे नाही वाटले? आत्या झाली नं तू!"

मी म्हटलं, "झाली म्हणजे झालीच. पेढे येतील मागाहून." आणि मान खाली घालून दंडाचं माप लिहिलं. ते चुकीचं लिहिलं होतं, हे कापड कापायला घेतलं तेव्हा कळलं.

राग आला होता. मला रडू येण्याआधी राग येतो, ही माझी लहानपणापासूनची खोड आहे. माय म्हणते, ही पोट्टी जन्मली तेव्हा रडली नाही, भांडली. भाऊ माझ्यापेक्षा लहान. त्याच्या लग्नाला कितीतरी वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. भावजयीनं दवाखाने केले, उपास केले, कोणी सांगितलं त्या झाडाला फेऱ्या घातल्या. मीही रोज तिच्यासाठी प्रार्थना करत होते. पण हे तोंडातून काढायची सोय नव्हती. काढलं असतं तर म्हणाले असते, पाहा, आता लेकराचंही श्रेय हिच्या येशूला पाहिजे. म्हणून मी गुपचूप मागत राहिले आणि गुपचूपच आत्या झाले.

गुपचूप का, तेही सांगते. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून त्या घराचं दार मला बंद होतं.

आम्ही विणकर. बाबांचा हातमाग होता आणि बाबांनी विणलेल्या लुगड्यांना गिऱ्हाईक घरी चालत यायचं. पाजणीच्या दिवशी सगळी गल्ली अडायची. उभं सूत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचं, त्याला खळ लावायची, कुंच्यानं झाडायचं आणि कडक व्हायच्या आत गुंडाळून घ्यायचं. ते एका घराचं काम नव्हतं, शेजारपाजाऱ्यांचे हात लागायचे, म्हणून कोणी कोणाशी फार दिवस अबोला धरू शकत नव्हतं. भांडण पेटलंच तर मोठी माणसं दोघांना मागापाशी आणायची. धोट्यावर हात ठेवायचा आणि खरं काय ते बोलायचं. धोटा म्हणजे आडव्या सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा, सगळं विणणं त्याच्यावर चालतं. त्यावर हात ठेवून खोटं बोलणाऱ्याच्या मागावर सूत टिकत नाही, असं आमच्यात पक्कं धरलेलं.

पुढे हातमागाचे दिवस गेले. माग विकला, आम्ही नंदनवनात राहायला आलो, बाबा एका गोदामावर चौकीदार झाले. भाऊ मोठा होऊन हिंगण्याच्या एका कंपनीत लागला. बाबांनी सगळं विकलं पण धोटा विकला नाही. ते गेल्यावर मायनं तो देवघरात ठेवला. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं, आणि आमच्या घरात कोणाला शपथ घ्यायची असली तर अजूनही त्याच्यावरच.

मी येशूच्या मागे कशी लागले हे लोक विचारतात, तेव्हा त्यांना चमत्कार ऐकायचा असतो. नाहीतर सौदा. काय काय भेटलं, असं तोंडावर विचारणारे आहेत. अरे, भेटायचं काय? होतं तेच गेलं! आणि चमत्कारही नाही. झालं ते असं की दुकानात माझ्या बाजूच्या मशीनवर एक म्हातारी ख्रिस्ती बाई बसायची. एकदा तिनं एका नवरीच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. दोन्ही उजव्या. कापड भारी, जास्तीचा तुकडा नाही. आमच्या धंद्यात अशी चूक झाली की एक ठरलेला उपाय असतो. कापड कमी आलं होतं म्हणायचं. गिऱ्हाईक कुरकुर करतं, मालक गिऱ्हाइकावरच आवाज चढवतो आणि मामला मिटतो. मी तिला तेच सुचवलं. ती उठली, मालकापाशी गेली आणि नवरीच्या आईसमोर म्हणाली, "बाह्या माह्या हातानं चुकल्या." मालकानं तिला असं झापलं की ऐकणाऱ्यांनाच लाज वाटली. त्यानंतर तिच्या हातात कात्री दिलीच नाही. हुक लावायला बसवलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "मावशी, काहून सांगतलं वं? कोनाले समजलं असतं?"

ती हुक लावता लावता म्हणाली, "मी ज्याच्या मागे चालते नं बाई, त्यानं हो तं हो नि नाही तं नाही, एवढंच बोलाले सांगतलं आहे. मले त्याच्यावर जास्तीचं जमत नाही."

मला तो माणूस पाहायचा होता, ज्याच्यापायी बाई कात्री सोडून हुक लावत बसते आणि वरून गुणगुणते. मी तिच्याबरोबर चर्चमध्ये गेले ती भांडायला म्हणून. भांडण काही संपलं नाही, अजून चालू आहे, पण मी तिथंच राहिले.

घरी सांगितलं तेव्हा भाऊ जेवत होता. ताट सरकवून उठला आणि म्हणाला, "एक तं ते सोड, नाही तं घर सोड." मी पिशवी भरली. माय दारात आडवी होईल असं वाटलं होतं, ती झाली नाही. घर सुटल्यापेक्षा मला तेच जास्त लागलं. मी सदरकडेच एक खोली पाहिली आणि राहू लागले. माय मधूनमधून दुकानात यायची, ब्लाउज सैल झाला, ब्लाउज घट्ट झाला अशी कारणं काढून. तिच्या सगळ्या ब्लाउजांची शिवण मी इतक्या वेळा उसवली की कापड जाळीदार झालं. पण भावाचं नाव दोघींनी कधी काढलं नाही.

बाळाची बातमी कळल्यावर थोड्याच दिवसांत माय आली. या वेळी हातात ब्लाउज नव्हता. उभ्या उभ्याच म्हणाली, "बारशाले येजो."

"त्यानं बोलावलं?"

"मी बोलावून राहिली नं. आत्याशिवाय बारसं होते काय?"

होत नाही. आमच्यात नाव आत्याच ठेवते. पाळण्यावर वाकायचं, बाळाच्या कानात नाव सांगायचं, आणि ते सांगून झालं रे झालं की बाकीच्या बाया 'कुर्रर्र' करून आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. भावाला सख्खी बहीण मी एकटीच. लग्न मी केलं नाही, मला लेकरू नाही. आणखी एखादं मूल या घरात कधी येईल न येईल, त्याचा भरवसा नाही. त्या बाळाची आत्या होणं ही एकच गोष्ट माझ्यासाठी राहिली होती, आणि ती मला हवी होती. फार हवी होती. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

पण म्हटलं, "माय, आधीच सांगते. देवाले हात नाही जोडणार."

"नको जोडू. एवढ्या गर्दीत कोन पायते?"

"विचारलं तं सांगीन."

"कोनी विचारत नाही वं! तू फक्त तोंड सांभाळजो." आणि पदरानं डोळे पुसत दुकानाबाहेर पडली.

त्या रविवारी उपासना झाल्यावर मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं. लपवायचं कशाला? ते माणूस म्हणून चांगले आहेत, हळू बोलतात, आणि हळू बोलणाऱ्याशी भांडायला मला जड जातं. ते म्हणाले, "ताई, तिथं पूजा असेल, नैवेद्य असेल. मंडळीत नवीन आलेले लोक तुमच्याकडे पाहतात. आपण आता वेगळे झालेलो आहोत."

मी म्हटलं, "साहेब, वेगळं मला घरच्यांनी केलं, येशूनं नाही. तो ज्याच्या त्याच्या घरी जेवायला जायचा आणि त्यापायी बोलणी खायचा."

"तुम्ही येशू नाही आहात, ताई."

"नाही ना. म्हणून तर त्याच्या मागे जावं लागतं."

मागच्या बाकावरच्या दोघी बायांनी एकमेकींकडे पाहिलं. पाहू दे म्हटलं. मी घरी येऊन बाळाला झबलं-टोपडं शिवायला घेतलं.

बारशाला गेले तेव्हा घर भरलेलं होतं. मी आत पाऊल टाकलं आणि बोलणं थांबलं, मग उगाच जोरात सुरू झालं. भावानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाळण्याची दोरी घट्ट करायला लागला, जी आधीच घट्ट होती. भावजयीनं झबलं घेतलं, "बसा" म्हणाली. एवढंही मला पुष्कळ वाटलं. आणि मग मी बाळ पाहिलं. कपाळ आमच्या बाबांचं, तसंच रुंद, आणि भुवई तशीच एका बाजूला चढलेली, जणू कोणावर तरी चिडलाय. माझा जीव त्याच्यात गेला. मनात म्हटलं, बेटा, तू माझ्यावर गेलास.

बाया पाळणा म्हणायला लागल्या. घुगऱ्यांचं पातेलं आतून बाहेर आलं. माय म्हणाली, "चाल वं आत्या, ये पुढे." मी पदर खोचला आणि उठले.

"थांब," मोठी आई म्हणाली.

मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. बाबा गेल्यापासून त्या घरात तिचा शब्द शेवटचा. ती पाटावरून उठली नाही, तिथूनच बोलली. "हिच्या मनात काय आहे, कोनाले ठावं? कानात सांगते ते आपल्याले थोडीच ऐकू येते? आपण ठेवलं एक नाव नि हे सांगन तिच्या येशूचं. लेकराच्या कानात पहिलं पडलं तेच लागते. मंग काय करता?"

हसू नका. तिथं कोणी हसलं नाही. कानात पहिलं पडतं ते नाव जन्मभर लागतं, हे आमच्यात सगळे मानतात, आणि आत्या तिथं काय बोलली ते आत्याला आणि बाळालाच माहीत. आजवर कोणाला त्याची भीती वाटली नव्हती, कारण आजवर आत्या घरातलीच होती. भावजयीनं पाळण्याच्या काठावर हात आडवा ठेवला. तिच्या डोळ्यांत भीती होती आणि ती खरी होती. इतक्या वर्षांनी पदरात पडलेलं लेकरू, तिची काय चूक?

मी म्हटलं, "मोठी आई, तुमी ठरवलं तेच नाव सांगीन. दुसरं नाही."

"मंग घे शपथ." तिनं मान हलवली आणि तिची मुलगी, म्हणजे माझी चुलतबहीण, देवघरातून ताट घेऊन आली. ताटात बाबांचा धोटा.

किती वर्षांनी पाहत होते मी तो. बाबांचा अंगठा लागून लागून एका बाजूला गुळगुळीत झालेला, तिथं हळद भरली होती. मी तो ताटातून उचलला आणि दोन्ही हातांत धरला. घरात एकदम सुटल्यासारखं झालं. माय हसली. बायांनी परत पाळणा धरला.

"आता म्हण," मोठी आई म्हणाली.

"हात ठेवला," मी म्हटलं. "बाबाचा आहे, काहून नाही ठेवणार? पण शपथ नाही घेत."

अगा बाप्पा! काय गलका उठला! आमच्यात धोट्यावर शपथ न घेणारा म्हणजे चोर, त्याला दुसरा अर्थच नाही. पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलेलं. शपथ नाकारली म्हणजे मनात तेच होतं, ठरलं! जो तो एकमेकाला सांगायला लागला, पाहा, मोठ्या आईनं बरोबर ओळखलं.

मी आवाज चढवला. माझा चढतो. म्हटलं, "मी हो म्हणते तं हो. धोट्यावर हात ठेवला की खरं बोलाचं नि हात उचलला की काहीही बोलाचं, असं माह्यात आता राहिलं नाही. तुमाले माह्या बोलण्यावर भरोसा नाही, मंग लाकडावर काहून ठेवता?"

"लाकूड म्हणाली! बापाच्या धोट्याले लाकूड म्हणाली!"

तो शब्द मला परत घ्यायचा होता. बाबांच्या हातातली वस्तू, तिला मी लाकूड नव्हते म्हणणार. पण तोंडातून गेलं होतं आणि त्या गलक्यात परत घ्यायला जागा नव्हती.

मला नंतर पुष्कळांनी विचारलं, चर्चमधल्यांनीसुद्धा, की एवढं काय अडलं होतं? खोटी शपथ थोडीच होती? खरंच होतं, मी दुसरं नाव घेणारच नव्हते. घेतली असती शपथ तर ती खरीच ठरली असती. पण एकदा मी धोट्यावर शपथ घेतली की मी कबूल केलं, त्याच्याशिवायचं माझं बोलणं कच्चं. मग दुकानातल्या त्या म्हातारीपाशी बसून मी इतकी वर्षं काय शिकले? येशूनं सांगितलेल्या किती गोष्टी मला समजत नाहीत. ही एक समजली होती, अगदी स्वच्छ. समजलेली तेवढी सोडली असती तर मी कशाच्या जोरावर त्याच्या मागे चालले म्हणायचं?

मी भावाकडे पाहिलं. तो पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. म्हटलं, "तू सांग. मी कधी खोटं बोलली तुह्याशी?"

तो दोरीकडे पाहत राहिला.

मोठ्या आईनं माझ्या हातातून धोटा काढून घेतला आणि आपल्या मुलीसमोर धरला. तिनं घडाघडा शपथ घेतली, पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं. कुर्रर्र झालं. बायांनी तिच्या पाठीत बुक्के घातले, ती "मेली गं माय" म्हणून हसत सुटली. मी दाराला टेकून उभी होते. गेले नाही. मला कोणी हाकललं नव्हतं आणि मी आपल्या पायांनी जाणार नव्हते.

इतक्यात माझ्या पाठीत बुक्का बसला. वळून पाहिलं तर माय. ती हसत नव्हती. दुसरा घातला, तिसरा घातला, जोरात. "एक डाव म्हणून टाकलं असतं तं तुही जीभ झिजली असती काय वं? कशी कशी आणली मी तुले इथपर्यंत! हातापाया पडली सगळ्याच्या!" मारता मारता ती रडायला लागली. मी पाठ तशीच ठेवली. मार मला हवाच होता, कसा का येईना. तिचा हात दुखायला लागल्यावर ती थांबली आणि आत निघून गेली.

मी घुगऱ्या खाल्ल्या. वाटीभर घेतल्या आणि सगळ्यांच्या समोर बसून, चावून चावून खाल्ल्या. देवापुढे ठेवलेल्या होत्या की नव्हत्या, मी विचारलं नाही. माझ्या भाच्याच्या बारशाच्या घुगऱ्या होत्या आणि मला त्या चवीला फार चांगल्या लागल्या.

निघताना दाराबाहेर चपला घालत होते, तर भाऊ मागून आला. आजूबाजूला पाहिलं त्यानं, कोणी नाही याची खात्री केली आणि हळूच विचारलं, "ताई, खरंच काय सांगणार होती त्याच्या कानात?"

"तुमी ठेवलं तेच."

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

मालूम होतं! मला वाटलं ऐकण्यात चुकले. मोठ्या आईला मालूम नव्हतं, भावजयीला नव्हतं, त्या घाबरल्या, त्यांचं मी समजू शकते. याला मालूम होतं. याला मालूम होतं, आणि हा दोरी धरून उभा राहिला.

"मंग तिथं काहून नाही बोलला?"

"कसा बोलू ताई? सगळे बसले होते. मोठ्या आईसमोर..." आयुष्यात पहिल्यांदा मला भांडायला शब्द सापडले नाहीत. मी रस्त्यावर आले, ऑटो केला आणि सदरपर्यंत पदर तोंडावर धरून बसले.

पुढचं चर्चमध्ये पसरायला वेळ लागला नाही. पाळकसाहेब येऊन म्हणाले, "ताई, येत्या रविवारी मंडळीसमोर साक्ष द्या. विश्वासासाठी किती छळ सोसला, ते लोकांना कळू द्या." जाऊ नका म्हणणारे हेच!

मी म्हटलं, "साहेब, माझी माय आणि माझा भाऊ छळणारे नाहीत. त्यांना तसं उभं करून मला टाळ्या नको."

"टाळ्या नाही, ताई. प्रभूचं गौरव."

"त्याचं गौरव माझ्या मायच्या नावानं बोटं मोडून व्हायचं असेल तर मला ते जमत नाही." म्हातारी माझ्या बाजूला बसली होती. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे आता पुरे. पण साक्ष दिली नाही ती नाहीच.

एक मात्र मी कोणाला सांगितलं नव्हतं. घर गेलं तेव्हा मी मान वर करून चालत होते. नातेवाइकांनी टोमणे मारले, मी दुप्पट मारले. बारशात मला बाजूला केलं, तिथंही मी उभी राहिले. ते सगळं लोकांनी माझ्याकडून घेतलं होतं, आणि घेणाऱ्यासमोर ताठ उभं राहणं मला येतं. आता येशू जे मागत होता ते मला स्वतःच्या हातानं काढून द्यायचं होतं. भावाला माफ कर, म्हणत होता. मोठ्या आईला केलं असतं. मालूम असून गप्प बसणाऱ्याला कशी करू?

नाही करत, म्हणून सांगितलं मी येशूला. दुकानात मशीन चालवताना सांगितलं, भाजी चिरताना सांगितलं, चर्चमध्ये सगळे डोळे मिटून बसले असताना उघड्या डोळ्यांनी सांगितलं. तुझ्या मागे येते म्हणाले होते मी, त्याच्याकडे जाते म्हणाले नव्हते. तो काही वाद घालत नव्हता. पण प्रार्थनेला बसलं की बाळाचं नाव घ्यायचं, आणि बाळाच्या मागोमाग भाऊ यायचाच. त्याला टाळून पुढे जाता येत नव्हतं. शेवटी मी हात टेकले. पुढच्या रविवारी उपासना संपली आणि मी नंदनवनला जायला निघाले. माफ करून गेले असं कोणी समजू नका. रागातच गेले. पण गेले.

तेव्हापासून दर रविवारी जाते. भावाला त्या दिवशी सुट्टी असते, म्हणून रविवार. कधी भावजय दार अर्धं उघडते, "झोपला आहे" म्हणते, बंद करते. कधी उघडतच नाहीत. मग मी पायरीवर बसते. शेजारची बाई पाणी आणून देते आणि मुद्दाम मोठ्यानं विचारते, "काहून वं, बाहेर बसली?" मी म्हणते, "भाच्याले पाहाले आली. उठला की पाहीन." एकदा मोठी आईच समोर आली. "आली परत?" म्हणाली. म्हटलं, "आली. पुढल्या रविवारीही येईन. तुमी असाल तं तुमालेही भेटीन." ती आत गेली. शपथ न घेता सांगितलेलं होतं, तरी खरं झालं. पुढच्या रविवारी मी होतेच.

परवाच्या रविवारी कडी वाजवली तर दार भावानं उघडलं. पूर्ण उघडलं. बाळ त्याच्या कडेवर होतं, आता चांगलं मान धरतं, माझ्याकडे टकामका पाहत होतं, भुवई चढवून. आत टीव्ही चालू होता आणि मोठ्या आईचा आवाज येत होता, कोण आलं म्हणून विचारत होती. भावानं मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. माझा राग त्या वेळी कुठे गेला कोण जाणे, मला फक्त त्याची दया येत होती, लहानपणी अंधारात जायला घाबरायचा तेव्हा यायची तशी.

तो बाळाला म्हणाला, "पाय, आत्या आली." इतकं हळू, की मला ओठांवरून समजलं.

मी हात पुढे केले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभी राहिले.

"असं नाही," मी म्हटलं. "मोठ्यानं बोल. आत ऐकू गेलं पाहिजे."